एका जागी बसणारा मुलगा

गल्लीत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ‘आलोच’ म्हणत. तो विजेची कामं करायचा. पंखा खाली उतरवायचा, उघडायचा, आत डोकवायचा, “कपॅसिटर गेलाय, घेऊन आलोच” असं म्हणायचा आणि जो जायचा तो जायचाच. पंख्याची पाती जेवणाच्या टेबलावर पसरलेली, घरची माणसं घामाघूम आणि ताटं मांडीवर घेऊन जेवताहेत, असं दृश्य त्या गल्लीत निम्म्या घरांनी पाहिलेलं होतं.

बरं, माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर लोकांनी सरळ शिव्या घालून दुसरा शोधला असता. दुकानाकडे जाताना त्याला कुणाची तरी बेल घोगरी वाजलेली ऐकू यायची. ती उघडावी तर तिथल्या मीटरच्या पेटीत काहीतरी गुणगुणत असायचं. पेटी उघडली की पहिल्या घरातला पंखा डोक्यातून साफ पुसला गेलेला. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि गंमत अशी, की त्याच्या हाताला यश होतं. त्याने पुरं केलेलं काम पुन्हा बिघडत नसे. फक्त ते पुरं झालेलं पाहण्याचं नशीब थोड्यांना लाभायचं.

लोक हसायचे, तोही हसायचा. रोज सकाळी मात्र बूट घालताना तो स्वतःला बजावायचा, की आज एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुपारपर्यंत त्या शपथेचे तीनतेरा वाजलेले असायचे. मग स्वतःचाच असा संताप यायचा, की पक्कड भिंतीवर फेकून मारावीशी वाटे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? ‘जरा लक्ष देत जा,’ एवढंच ऐकायला मिळणार. जणू लक्ष त्याने खिशात लपवून ठेवलं होतं आणि मुद्दाम काढत नव्हता!

एकच गोष्ट तो कधी विसरला नव्हता. सुट्टीच्या दिवशी मुलीला बागेत न्यायचं. मुलगी सहा वर्षांची, दिवसभर गरगरणारी, म्हणून तिचं घरातलं नाव भिंगरी. तो तिला झोपाळ्यावर बसवून झोके द्यायचा आणि ती “अजून उंच, बाबा” म्हणून ओरडायची. त्या वेळात त्याच्या डोक्यातला सगळा गलबला गप्प व्हायचा.

आणि घात झाला तो तिथेच. एका संध्याकाळी झोका देता देता त्याला दिसलं, की बागेतल्या दिव्याच्या खांबाचं खालचं झाकण निघालंय. आत उघड्या वायरी, आणि त्याही लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर. तो चरकला. समोरच्या दुकानातून टेप आणायची, वायरी गुंडाळायच्या, पाच मिनिटांचं काम. “बाळा, इथंच बस. आलोच.”

दुकानात नव्या तऱ्हेचे स्विच आले होते. दुकानदाराने एक उघडून दाखवला. मग दुकानातलाच एक बोर्ड तडतडत होता.

अंधार पडला. बाजारातून घरी निघालेल्या त्याच्या बायकोला बागेच्या फाटकाशी घोळका दिसला. मधोमध भिंगरी, कुणा अनोळखी माणसाने दंड धरलेली, रडून रडून आवाज बसलेला. तेवढ्यात रस्ता ओलांडून हा आला. हातात टेप होती आणि चेहऱ्यावर हसू.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मुलीला झोपवल्यावर ती म्हणाली, “अहो, आजवर सगळं चालवून घेतलं. गॅस राहिला, दार उघडं राहिलं, पैशांचं पाकीट बसमध्ये राहिलं. पण यापुढे हिला घेऊन एकट्यानं कुठे जायचं नाही. कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.” तो ‘हो’ म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो एका नर्सच्या घरी काम करत होता. म्हणजे शिडीवर उभा होता, आणि खाली त्या घरातले दोन बोर्ड, एक दिवा आणि मिक्सर असं सगळं एकाच वेळी उघडं पडलं होतं. नर्सबाईंनी चहाचा कप खिडकीत ठेवला, पसाऱ्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, “तुम्हाला लहानपणापासून असं होतं का हो?”

तो शिडीवरून पडायचाच बाकी राहिला. हा प्रश्न आजवर कुणी न चिडता विचारला नव्हता. बाई म्हणाल्या, त्यांच्या भावाचंही असंच होतं. लक्ष एका जागी न टिकण्याच्या या त्रासाला एडीएचडी म्हणतात. तो आळस नव्हे, निष्काळजीपणा नव्हे, डोक्याची घडणच तशी असते, आणि मोठेपणीही त्यावर उपचार होतात. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला. तो त्याने हातावर पेनाने लिहून घेतला आणि घरी जाईपर्यंत हात धुतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी बरंच काही विचारलं, बायकोशीही बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “तुमचं बोलणं ऐकून मला तसंच वाटतंय. पण हे मोठेपणी अचानक उगवत नाही, लहानपणापासून असतं. झोप नसली, चिंता असली तरी माणूस असाच विसरतो. त्यामुळे औषध देण्याआधी मला खात्री हवी. लहानपणी तुम्ही कसे होतात, हे सांगणारं कुणी आहे?”

वडील तो अगदी लहान असताना गेले होते. शाळेतले गुरुजीही राहिले नव्हते. होती ती आई.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची. उशांचे अभ्रे शिवून तिने मुलाला वाढवलं होतं, आणि गुडघे गेले तरी मशीन सोडलं नव्हतं. भिंगरीचे फ्रॉकही तीच शिवायची, मागे लांब पट्टा आणि त्याची मोठी गाठ. आपल्याबरोबर डॉक्टरांकडे यायचंय असं मुलाने म्हटल्यावर तिने विचारलं, “तुझ्या डोक्यात काही बिघाड आहे असं कोण म्हणतं? तुझी बायको?”

“कुणी नाही गं. तू फक्त खरं काय ते सांग.”

“सांगते ना. मी घाबरते की काय कुणाला!”

तिने ठेवणीतले कपडे घातले. मुलासाठी आजवर ती किती तरी दारांत उभी राहिली होती. शाळेत, पहिल्या मालकाकडे, लग्नाच्या बोलणीत. दर वेळी कुणीतरी टेबलाच्या पलीकडे बसून मुलात खोट काढायचं आणि ती अलीकडे बसून त्याची बाजू लढवायची. हे टेबलही तिला तसलंच दिसलं.

“लहानपणी कसा होता हा, आजी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“गुणी. अतिशय गुणी.”

“वस्तू हरवायचा का?”

“छे! पेन्सिलीचा तुकडासुद्धा जपून ठेवायचा.”

तो आईकडे पाहतच राहिला. बूट, डबा, दप्तर, एकदा तर अंगातला शर्ट, असं सगळं त्याने हरवलं होतं.

“सांगितलेलं काम विसरायचा?”

“एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही.”

“आणि एका जागी बसायचा?”

आईने क्षणभर पदराशी चाळा केला. “बसायचा की,” ती म्हणाली. “मी मशीनवर असले की तासन् तास माझ्या पायाशी बसून राहायचा. एका जागी.”

ते खरं होतं. त्याला आठवलं. मशीनचा लोखंडी पाय, त्याला बांधलेली अभ्र्यांची रुंद सुती नाडी, आणि तिचं दुसरं टोक त्याच्या कमरेला. तो रस्त्यावर पळायचा. आईला ठरल्या वेळी अभ्रे पोचवायचे असायचे. नाडी पुरेल तेवढंच त्याचं जग.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. “असंच होतं?”

एक वाक्य बोललं की झालं असतं. त्या वाक्याच्या पलीकडे झोपाळा होता, भिंगरी होती. पण शेजारी आई बसली होती, ठेवणीतल्या कपड्यांत, ताठ. हिने मला बांधून ठेवलं होतं, असं हिच्यासमोर परक्या बाईला कसं सांगायचं?

“हो,” तो म्हणाला. “असंच.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आणखी काही तपासण्या करू, वेळ लागेल, घाई नको, असं काहीबाही त्या बोलल्या. त्याला एवढंच कळलं, की हातात आलेलं आपण आपल्याच तोंडाने घालवलं.

खाली दाराशी आल्यावर आई खुशीत म्हणाली, “चांगलं बोलले ना रे मी?” मग चाचपून बघते तर चष्मा वरच राहिलेला.

“तू या बाकावर बस,” तो म्हणाला. “आलोच.”

चष्मा खुर्चीवरच होता. त्याने तो खिशात टाकला आणि वळला, तर बाहेरच्या खोलीतली ट्यूब फडफडत होती. आल्यापासून ती त्याला छळत होती. स्टार्टर ढिला असेल, नुसता फिरवायचा. तो स्टुलावर चढला. स्टार्टर ठीक निघाला. मग चोक. चोकची वायर जळलेली होती. मग बोर्ड.

आई बाकावर बसून राहिली. लोक आले, गेले. समोरच्या रस्त्यावर गाड्या, आणि चष्म्याशिवाय प्रत्येक माणूस तिला मुलासारखाच दिसत होता. शेवटी ती कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत वर आली. दारातून तिला स्टुलावरचे पाय दिसले. खाली आडवी ठेवलेली ट्यूब दिसली. आणि तिचा बांध फुटला.

“मेल्या, चष्मा आणायला आलास की घडवायला? माझ्या जिवाचं पाणी झालं खाली! जित्याची खोड! दूध आणायला धाडावं तर बाटली रस्त्यात ठेवून मांजरामागं जायचा. किती वेळा गाड्यांखालून ओढून काढला याला! सगळं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मशीनच्या पायाला बांधून ठेवायचे, तेव्हा कुठं एका जागी—”

ती थांबली. पेशंटला सोडायला बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

आईचा हात तोंडाकडे गेला. त्याला वाटलं, हे स्टूल आपल्यासकट जमिनीत जावं. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळालं नसतं तर बरं होतं असं त्याला तेव्हा मनापासून वाटलं.

“आजी,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “आत येता? एकट्याच या.”

दार लागलं. उघडलेलं काम समोर असताना तो आयुष्यात पहिल्यांदा हात न लावता नुसता उभा राहिला. आतून रडण्याचा आवाज आला, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. दार उघडलं तेव्हा आईचे डोळे लाल होते. तिने मुलाकडे पाहिलं नाही.

“ती नळी लाव आधी,” ती म्हणाली.

त्याने लावली. ट्यूब लख्ख पेटली.

जिन्यात ती मधेच थांबली. “मला तेव्हा कुणी सांगितलं नाही रे, की याला औषध असतं. मला वाटायचं, मीच कुठं कमी पडतेय.”

“मला काचायचं नाही गं. नाडी मऊ होती.”

“मऊच घेतली होती,” आई म्हणाली, आणि कठडा धरून पुढची पायरी उतरली.

औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की जादू होणार नाही. मात्रा ठरायला वेळ लागेल, सवयी लावून घ्याव्या लागतील, काही दिवस बरे जातील आणि काही वाईट. एका घरात त्याने पंखा उतरवला आणि त्याच दिवशी परत चढवला, तेव्हा ती माणसं त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. दुसऱ्याच दिवशी तो शिडी कुठल्या तरी घरात विसरून आला. कुठल्या, तेही आठवेना.

बायकोला त्याने एकदाच विचारलं, “बागेत नेऊ का हिला?”

“बघू,” ती म्हणाली. “आणखी थोडे दिवस जाऊ देत.” ती कठोर नव्हती. फाटकाशी उभी असलेली भिंगरी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, त्याला ती तरी काय करणार?

मग सुट्टीच्या दिवशी सगळेच गेले. तो, बायको, भिंगरी आणि आई. खांबाला आता झाकण होतं. झोपाळे झाडांच्या पलीकडे होते, बाकावरून न दिसणारे. भिंगरीने त्याचा हात ओढला. बायकोने पर्स बाजूला ठेवली आणि उठण्याच्या बेतात पाय जमिनीवर घट्ट रोवले.

भिंगरीने आपल्या आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग पाठीमागे हात नेऊन तिने फ्रॉकच्या पट्ट्याची गाठ सोडली. पट्टा ओढून काढला. त्याचं एक टोक बापाच्या मनगटाला बांधलं, दुसरं दातात धरून स्वतःच्या.

“आता तू हरवणार नाहीस, बाबा,” ती म्हणाली.

बायकोला हसू आलं. त्यालाही आलं असतं. पण त्याची आई बाकावरून उठली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी ती त्यांच्यासमोर गवतात बसली आणि त्याच्या मनगटावरची गाठ सोडवू लागली. पोरीने गाठीवर गाठ मारली होती.

“राहू दे ना गं आई. खेळतेय ती.”

“नको,” आई म्हणाली. “नको रे, नको.”

गाठ सुटेना. त्याने हात पुढे धरला आणि ती सुटेपर्यंत तो एका जागी उभा राहिला.