मोदकाच्या उकडीतलं केंद्रक

अणूच्या केंद्रकाची रात्रंदिवस काळजी वाहणारा जगात एकच गृहस्थ असेल, तर तो आमचा साडू. ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हा पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. अणूच्या पोटातला तो इवलासा गाभा गोलच असतो, असं तुम्ही याच्यासमोर चुकून म्हणालात की संपलं! "गोल? राव, कुणी सांगितलं?" म्हणत हा खुर्ची पुढे ओढतो. न्यूट्रॉन वाढत गेले की काही गोल केंद्रकं एका टप्प्यावर लांबट होतात, आणि ऐन त्या टप्प्यावर ती धड गोल नसतात, धड लांबट नसतात, नुसती मऊ असतात, हे तो हाताला लागेल त्या वस्तूवर दाखवतो. चाकणला माझ्या पुतणीच्या लग्नात यानं भर पंगतीत गुलाबजाम दाबून दाखवला आणि पाक व्याह्यांच्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर उडवला. वर म्हणतो, "बघा, किती मऊ!" घरी तर ताईनं, म्हणजे याच्या बायकोनं, या विषयावर बंदीच घातलेली.

बिचाऱ्याचं दुखणं एकच. इतकी वर्षं शिकवलं, पण पोरांनी विचारलं काय, तर "सर, हे परीक्षेला आहे का?" एखाद्यानं तरी मनापासून काही विचारावं, म्हणून हा माणूस झुरायचा. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा सोसायटीच्या गणपतीत, संगीत खुर्ची आणि आरती यांच्या मधे, कमिटीनं त्याला एकदाची दहा मिनिटं दिली. यानं काय करावं? ताईनं नैवेद्याच्या मोदकांसाठी काढलेली उकड परातीसकट स्टेजवर नेली!

चिमूट चिमूट उकड लावत त्यानं गोळा वाढवला, लांबवला. पोरं केव्हाच पळाली, माझ्या शेजारचे काका ओव्हरटाइम करून आलेले, ते चक्क घोरू लागले. "कुणाला काही विचारायचंय?" त्याचा आवाज इतका पडला होता की मलाच भरून आलं. तेवढ्यात उकड शोधत ताई तणतणत आली. आता हा बोलणी खाणार, म्हणून मी डोळे मिटले. पण ती परातीपाशी थबकली. गोळ्याकडे बघत म्हणाली, "अहो, आकार बदलायच्या आधी त्याला आतून कळतं का हो काही?"

हा चष्मा पुसत म्हणाला, "कळतं म्हणजे... आधी मऊ पडतं गं ते. जराशा ऊर्जेनंही डुलायला लागतं." आणि सुटलाच! कमिटीनं आरतीसाठी माइक काढून नेला तरी याला पत्ता नाही. घंटा सुरू झाली, मांडव दणाणला. ताईनं पदर खोचला, स्टेजच्या कडेला टेकली आणि त्याच्या कानाशी वाकून दुसरा प्रश्न विचारला. तो काही मला ऐकू आला नाही.