माडावरून कोणत्या भाषेत ओरडायचं?

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

माझा चुलतभाऊ आणि काकू अमेरिकेहून रेवदंड्याला आमच्याकडे आलेत. सकाळी चहा घेताना दादा तावातावाने सांगत होता, तिकडे दुकानात काकू त्याच्याशी मराठीत बोलली, तर एक अनोळखी बाई खेकसली, "इथे राहायचं तर इंग्रजी शिका." आम्ही सगळ्यांनी त्या बाईला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग वाडीत गेलो. ओडिशाचा कैलास माडावर चढला होता. झावळ्यांमुळे त्याला खालचं दिसत नाही, म्हणून नारळ सोडण्याआधी तो ओरडून बायकोला सावध करतो, त्यांच्या भाषेत. ती खाली नारळ गोळा करते. नुकतीच गावाहून आलीय, दुसरी भाषा कळत नाही तिला.

दादा खालून गरजला, "ए, महाराष्ट्रात आहेस ना? मराठीत बोल!"

पाहुण्याला नाही कसं म्हणणार? कैलास मराठीत ओरडला, "बाजूला व्हा!" आम्ही सरकलो. ती वाकलेलीच राहिली. नारळ तिच्या खांद्याला घासून खाली आपटला.

आणि दादा काय म्हणाला? "म्हणूनच शिकायला पाहिजे यांनी!"

अरे, शिकेल ना ती! काकू नाही का अजून इंग्रजी शिकतेय? पण तोवर जीव घ्यायचा का तिचा?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "दुकानातल्या त्या बाईने निदान माझ्या डोक्यावर नारळ तरी सोडला नव्हता रे."