आडवी बाटली

पुण्यातली माझी खोली दोन माणसांची आहे. दाराशी चपला मात्र दहा जणांच्या असतात. जुन्नर-आंबेगावहून नोकरी शोधायला आलेला प्रत्येक जण आधी माझ्याकडे येतो, कारण मी विद्यापीठात संशोधन करते आणि बायोडेटा इंग्रजीत लिहून देते. चपलांबरोबर किस्सेही साठत जातात. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही; त्यामुळे पुढचे सारे मी स्वतः पाहिलेले किंवा तपासून घेतलेले आहे.

*

पहिला गणेश, पारगावचा. एका फॅमिली रेस्टॉरंट-बारमध्ये सर्व्हरच्या मुलाखतीत अनुभव विचारला, तेव्हा त्याने सांगितले की गावातल्या प्रत्येक लग्नात पंगत वाढली आहे. मॅनेजरला ते पुरेसे वाटले.

ट्रायलच्या दुपारी एका गृहस्थांनी 'पुरे' म्हणून ताटावर हात धरला. गणेशने तो हात अलगद बाजूला केला आणि भात वाढला. पुन्हा हात, पुन्हा भात! मॅनेजर धावत आला, तर गणेश त्याच्याच कानात कुजबुजला, "सर, पावणं लाजत्यात."

*

त्याच दिवशी एका टेबलावर जेवण आले होते, शेजारच्या टेबलाचे यायचे होते. गणेशने पहिल्या चौघांना थांबवले.

"समद्यांचं वाढून व्हऊ द्या, राव. मग करा सुरू."

आणि ते थांबले! मला धक्का गणेशने दिला नाही, त्या चौघांनी दिला. पुण्यातली भुकेली माणसे, समोर वाफाळते ताट, आणि हात मांडीवर. नोकरी त्याला मिळाली. कशी, हे मला आजही तर्काने सिद्ध करता येत नाही.

*

बारमध्येही जागा आहे, ही बातमी त्यानेच आणली, आणि माझी मामेबहीण वैशाली म्हणाली, "ताई, माझा बायोडेटा लिही. बारटेंडर."

मी पेन खाली ठेवले. वैशालीचे गाव महाळुंगे पडवळच्या अलीकडे. तिथले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यावर बायकांचे मतदान झाले होते. चिठ्ठीवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरून जिंकून आलेली पुढारी म्हणजे वैशालीची आई, माझी मामी!

*

वैशालीचा सराव माझ्या खोलीत झाला. पेये घुसळायचा शेकर नव्हता, म्हणून तांब्या. दारू नव्हती, म्हणून ताक. तांब्या हवेत उत्तम फिरला. ताक माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर सांडले. मार्गदर्शकांनी नंतर तेच प्रकरण सर्वांत चांगले ठरवले.

*

बारमधली वैशालीची ट्रायल चांगली चालली होती. पण आधीच्या दोन मुलींना घरचे येऊन घेऊन गेले होते, त्यामुळे मॅनेजरने अट घातली: घरच्या मोठ्यांनी इथे येऊन होकार द्यावा, तरच नोकरी पक्की. वैशालीचे वडील नाहीत. उरली मामी.

मी तिला फोनवर सगळे सांगितले. तिने आधी पत्ता विचारून घेतला. मग, "येते म्हनावं."

संध्याकाळी मामी कोपऱ्यातल्या टेबलाशी ताठ बसली. गणेशने आग्रहाने दिलेल्या लिंबूपाण्याला तिने हात लावला नाही. काउंटरवर एक जुने गिऱ्हाईक जड जिभेने आणखी एक पेग मागत होते. वैशालीने बाटलीचे झाकण घट्ट लावले.

"काका, आज बास. घरी वाट बघत असतील."

काका तिला नको ते बोलले. मॅनेजर दुसरीकडे पाहू लागला. वैशालीने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाटलीला हात लावला नाही. काही वेळाने ते पाणी प्यायले, उठले आणि गेले.

मामीही उठली. काउंटरपाशी जाऊन तिने तीच बाटली उचलली. वैशालीचा चेहरा उतरला. तिने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली.

मामीने बाटली काउंटरवर आडवी ठेवली, घरंगळू नये म्हणून वर तळहात ठेवला, आणि मॅनेजरला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोरीला. बाटली कवा आडवी करायची, ते तिला कळतंय."