टीव्हीवर विणलेली किनार

कामगारांचे डोळे कारखान्याच्या दारातच तपासा, एवढीच मागणी आमच्या संघटनेच्या पत्रकात होती. ते वाटत मी अक्कलकोट रोडच्या मागच्या वस्तीत एका घरात शिरले. यंत्रमागावरून निवृत्त झालेले, वस्तीत सगळ्यांचेच मामा, जुन्या टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीला एक जाडजूड कीबोर्ड जोडलेला. तोच त्यांचा कॉम्प्युटर. तरुणपणी आखातातून आलेल्या मेहुण्यानं दिला होता आणि अजून चालत होता.

"तू कॉम्प्युटर शिकल्याली ना पोरी? मग पत्रक ठेव तितं, आन् हे का अडतंय ते बघ."

मामी पडद्याजवळ खुर्चीत होत्या. साखरेनं त्यांची नजर जात चालली होती, आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. या बाईनं जन्मभर मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. डोळे दाखवून ये, असं तिला एकदाही कुणी म्हटलं नाही. मालक लोकांना टॉवेलातला तुटका धागा लांबून दिसतो, माणूस दिसत नाही. मी हे बोलूनही दाखवलं.

"ते खरं हाय," मामा म्हणाले, "पण आधी हे."

लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मामींसाठी चादरीची एक किनार काढली होती. मागावर चढताना मालकानं तिच्यातला हिरवा काढून काळा घातला. मूळ किनार मामांनी या यंत्रावर, बेसिक या त्याच्या भाषेत, प्रोग्राम म्हणून लिहून ठेवली होती. पुढं तो साठवलेल्या कॅसेटला बुरशी लागली, म्हणून आता सगळं आठवून पुन्हा टाइप केलेलं. मामींना दिसतंय तोवर त्यांना ती दाखवायची होती. पडद्यावर मात्र एकच ओळ येत होती: टाइप मिसमॅच.

मी प्रोग्राम वाचला. चूक लगेच सापडली, आणि ती फक्त मागावरच्या माणसाचीच असू शकत होती. मागावर नुसता आकडा कुणी बोलत नाही. 'तीन लाल, एक पांढरा, दोन हिरवे' अशी हाक देतात, आकडा आणि रंग एका दमात. मामांनी तसंच लिहिलं होतं: 3L, 1P, 2H. यंत्राला ती अक्षरं वाटत होती, आणि अक्षरं मोजून रेघा कशा मारायच्या ते त्याला कळत नव्हतं.

"मामा, ह्यातला आकडा येगळा करून द्यावा लागंल त्याला."

"सुतापासनं रंग येगळा करतात व्हय कुटं?"

"यंत्र अडाणी आहे तुमचं."

"आमच्या मालकासारखं," मामी म्हणाल्या.

प्रत्येक तुकड्यातून आकडा आणि रंगाचं अक्षर वेगळं काढायला एक ओळ बदलली, एक वाढवली. टीव्हीवर किनार उतरू लागली. बारीक, दाट, खरंच देखणी. मामा तीच तीन लाल, एक पांढऱ्याची हाक द्यायला लागले, घरच्या तेलुगूत. "मूडू एर्रा, ओकटी तेल्ला..."

मामींनी काचेला नाक टेकवलं.

"लाल हाय. बाकी नुसतं धुकं."

मामांची हाक थांबली. मला डॉक्टरचा, मालकाचा, सगळ्यांचाच राग आला, पण त्या रागाचा तिथं काही उपयोग नव्हता. मग लक्षात आलं, आकडा आता खरा आकडा झालाय. त्याला गुणता येतं. मी दहानं गुणलं.

पट्ट्या पसरल्या. पडद्यावर तेवढ्या तीनच मावल्या, लाल, पांढरी, आणि खाली रुंद हिरवी. बाकी किनार बाहेर गेली.

"नक्षी गेली की सगळी," मामा पुटपुटले.

मामींनी हिरव्यावर तळवा ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"असा होता व्हय. पोपटी न्हाय, गर्द."

"गर्दच की."

"लई चांगला होता ओ." त्यांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. "नक्षी तुमी बोलून दाखवा. हे असंच ऱ्हाऊ द्या."