डोळ्यातली नवी लाइन

‘साखरेच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या तयार होतात.’

हे वाक्य माझं आहे. आमच्या गावात डोळे तपासणी होती, तिच्यासाठी मी लिहिलेल्या पत्रकात ते तिसऱ्या ओळीला होतं. आई गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई, त्यामुळे मी अक्षरं गिरवली तीच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पोलिओचा डोस, पाणी उकळून प्या, मोर्चाला चला, सगळं एका पिशवीत असायचं. पत्रकातलं वाक्य साधं असावं आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये, हे मी फार लवकर शिकले. वरचं वाक्य साधंच आहे. त्यानं माझ्या वडिलांचा उजवा डोळा घालवला असं म्हणणं जास्त होईल. पण ते मधे आलं, हे मला नाकारता येत नाही.

अप्पा पाइपलाइनचं काम करतात. पाटोद्याच्या आसपासच्या शिवारांत विहिरीपासून रानापर्यंत चर खणून पाइप टाकायचे, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, कुठं गळत असेल तर अनवाणी चालून ओल ओळखायची. बारा वर्षांपासून त्यांना साखर आहे. गोळ्या घ्यायचे, विसरायचे, परत घ्यायचे. तपासणीच्या दिवशी मीच त्यांना रांगेत उभं केलं. ज्या घरातून पत्रक निघतं त्या घरानं आधी तपासून घ्यावं, हा माझा हट्ट. तिथल्या माणसानं डोळ्यात बत्ती मारून बघितलं, त्याचा चेहरा उतरला आणि त्यानं संभाजीनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, दोन्ही पडद्यांवर नव्या वाहिन्या फुटल्यात, उजवीकडे जास्त. त्यांची वाढ थांबवणारं इंजेक्शन डोळ्यात द्यावं लागेल, सुरुवातीला दर महिन्याला. पुढं लेझरही लागेल. बाहेर माणसं खोळंबली होती, त्या भराभर बोलत होत्या. अप्पांनी खिशातून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, जुनी लाइन चोक झाली की आमी नवी टाकतो. हितं अंगानं सोताहून टाकली, अन् तुमी ती बंद कराया निघालात. कावून?”

बाई हसल्या नाहीत. त्या वाहिन्या चांगल्या नसतात, एवढं म्हणाल्या. अप्पांनी पत्रकाची घडी घातली आणि उठले. एसटीत मी मांजरसुंब्यापर्यंत त्यांच्याशी भांडत होते. पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा वळून बघितलं. शेवटी अप्पा म्हणाले, “तूच लिहिलंस की, तयार व्हतात म्हनून. नासतात म्हनून लिहिलंस का?”

आमच्याकडं घर तयार होतं, पीक तयार होतं, पोरगी शिकून तयार होते. तयार होणाऱ्या गोष्टीला कुणी भीत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती पत्रक छापून गावभर वाटल्यावर शिकले.

चार महिने ते दवाखान्यात गेले नाहीत. दिसत होतं, काम चालू होतं, त्यामुळे त्यांचंच खरं ठरत होतं. मग एका दुपारी चरात बसून जोड चिकटवताना त्यांना समोर काळा दोरा लोंबताना दिसला. कोळ्याचं जाळं असेल म्हणून त्यांनी हातानं झटकला. दोरा हलला, गेला नाही. मग आणखी दोरे आले, मग धूर. दिवस मावळायच्या आत उजव्या डोळ्यापुढं नुसता काळपट लाल अंधार उरला. अप्पा भिंतीला हात लावत घरात आले आणि आईला म्हणाले, लाइन फुटली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी आम्हाला वेळ दिला. साखरेनं पडद्याच्या बारीक वाहिन्या बुजतात आणि पडदा उपाशी पडतो. उपाशी पडदा एक पदार्थ सोडतो, ती त्याची हाक असते, इथं वाहिन्या वाढवा अशी. तो पदार्थ विष नव्हे. जखम भरायला तो लागतो, पोटातल्या बाळाच्या वाहिन्या त्याच्यामुळं वाढतात. पण इथं हाकेला धावून आलेल्या वाहिन्या कच्च्या, पातळ भिंतीच्या. पडदा सोडून त्या डोळ्यातल्या रसात घुसतात आणि तिथं फुटतात. इंजेक्शन त्या पदार्थालाच वाटेत धरतं.

मी रागानं ऐकत होते. मला पत्रकात एक शत्रू लागतो, त्याच्याशिवाय लिहिताच येत नाही. इथं ज्याच्यावर बोट ठेवावं तो भुकेल्याचा आवाज निघाला. आणि भूक बारा वर्षांची होती. बारा वर्षांत दरवेळी अप्पांच्या बोटाला सुई टोचून साखर मोजली गेली. डोळ्याच्या आत एकदा बघा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही. दुखत नाही, दिसतंय, तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, ही एक ओळ भिंतीभिंतीवर असायला हवी होती. माझ्या पत्रकातही ती नव्हती.

अप्पांनी दोन्ही हातांची बोटं पाइपांसारखी एकमेकांना टेकवून बघितली. मग म्हणाले, “म्हंजी सोल्युशन न लावता नुसते पाइप खुपसलेत. अन् तसंच पानी सोडलंय.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. सोल्युशन म्हणजे जोड चिकटवायचा डिंक, मी सांगितलं. बरोबर आहे, अगदी तसंच, बाई म्हणाल्या. उजव्या डोळ्यातलं रक्त ओसरायची वाट बघायची, नाहीतर ऑपरेशन. डाव्यात इंजेक्शन आज.

संमतीपत्र माझ्या हातात दिलं. डोळ्यात थेंब टाकल्यामुळं अप्पांना डाव्यानंही जवळचं दिसत नव्हतं. मी वाचायला लागले. जंतुसंसर्ग होऊ शकतो, दाब वाढू शकतो. पुढची ओळ मी आधी मनात वाचली. सोपं करून सांगावं असं वाटलं, मोह फार झाला. पण जसं होतं तसं वाचलं. ‘दृष्टी सुधारेलच याची खात्री देता येत नाही.’

“राहील का हा डोळा?” अप्पांनी विचारलं. दवाखान्याला नाही, मला.

“माहीत नाही, अप्पा. पण नाही घेतलं तर जाईल.”

एवढं उघडं वाक्य मी आजवर कुठल्या पत्रकात लिहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पेन मागितला. मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं.