नॉर्वेला गेलेलं तात्यांचं पत्र

बोटीवाले तात्या दिवसातला बराच वेळ उलटे चालत. कोपरगावात आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांची बायको चाक फिरवी आणि तात्या कमरेला वाखाचे तंतू गुंडाळून, दोराला पीळ देत एकेक पाऊल मागे जात. ते कधी ठेचकाळले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, “पाठीला डोळं फुटत्यात, ताई. पोट असलं की समदं फुटतं.”

तरुणपणी ते मुंबईला जाऊन मालवाहू बोटीवर खलाशी झाले होते. एका हिवाळ्यात इंजिन बिघडून ती बोट नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावी अडकून पडली. त्या गावाचं नाव ते दर वेळी वेगळं उच्चारत. पण पांढरी लाकडी घरं, खडकावरचा दीपस्तंभ, छताला लहानसं जहाज टांगलेलं चर्च हे सगळं ते आपल्या गावातली आळी सांगावी तसं सांगत. आणि दोर वळायची शेड! या दारातून पाहिलं तर त्या दारातला माणूस बाहुलीएवढा दिसे म्हणे. तिथेही माणसं कमरेला वाख गुंडाळून उलटी चालत. तात्या दोन दिवस दाराशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीही वाख गुंडाळला. “म्हाताऱ्या मालकानं निस्तं माझ्या हाताकडं बघितलं. कोन, कुठला, इचारलं न्हाई.”

एका दुष्काळाच्या वर्षी विहिरींचं पाणी जसं खाली गेलं तसे लोक पोहऱ्याचे दोर लांबवून घ्यायला येऊ लागले. “तात्या, तुमच्या त्या नार्वेत इहीर किती खोल?” एका बाईनं चिडवलं.

“तिथं दाराशी समुद्र, माय. पन तुझ्या दादल्यावानी. दिसायला लई मोठा, तहानंला कामाचा न्हाई.”

ती हसत हसत दोर घेऊन गेली. मीही खिडकीच्या आत हसले. माझं बहुतेक सगळं खिडकीच्या आतूनच चाले.

आमच्याकडे तात्यांचा कप वेगळा होता. तो ओसरीच्या कोनाड्यात असे. आई वरून चहा ओती, तात्या पायरीवर बसून पीत, कप स्वतः विसळत आणि पालथा घालून ठेवत. दोर वळणं हे त्यांच्या घराण्याचं काम, आणि ते काम करणाऱ्यांना आमच्यासारख्या घरांत उंबऱ्याच्या आत घेत नसत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला हे दिसत होतं. मी कधी बोलले नाही.

मग नॉर्वेहून पत्र आलं. म्हाताऱ्या मालकाची मुलगी दर नाताळला तात्यांना कार्ड पाठवी. आता ती शेड बंद झाली होती, तिथे गावाचं संग्रहालय होणार होतं, आणि तात्यांनी त्या हिवाळ्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं तिनं इंग्रजीत कळवलं होतं. तात्या पायरीवर बसले, मी उंबऱ्याच्या आत वही घेऊन.

“लिही. आमच्याकडं दोर समद्यांना लागतो, दोरवाला कुनालाच न्हाई. तुमच्या बापानं मला आपल्या टेबलाशी, आपल्या शेजारी बसवलं. तुमी तुमच्या हातानं मला मासा वाढला. येवढं लिही. बाकी ऱ्हायलं तरी चालंल.”

कप तेव्हा कोनाड्यात होता. आई आत भाकरी थापत होती.

मी लिहिलं ते बर्फाबद्दल, दीपस्तंभाबद्दल, डोंगरांबद्दल. शाळेत निबंधाला बक्षीस मिळे तसलं इंग्रजी. आपल्या लोकांचं असलं परदेशात कशाला सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे दोरवाल्याचं ते वाक्य आमच्याच घराबद्दल होतं. मी ते इंग्रजीतच वाचून दाखवलं. तात्या डोळे मिटून ऐकत होते.

“टेबलाचं आलं?”

“आलं.”

त्यांनी खाली मोठ्या अक्षरांत सही केली.

काही महिन्यांनी उत्तर आलं, सोबत फोटो. शेडच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत ते पत्र. माझं गोल वळणाचं अक्षर ओळखू येत होतं. मुलीनं लिहिलं होतं, ‘पत्र फार सुंदर आहे. आमच्या टेबलाची आठवण तुम्हाला राहिली नसावी. इतकी वर्षं झाली. वडील मात्र शेवटपर्यंत तुमची खुर्ची दाखवत.’

“काय म्हनती?” तात्यांनी विचारलं.

“पत्र फार आवडलं म्हणते.”

“टेबलाचं वाचून रडली असंल.”

मी मान डोलावली. त्यानंतर ते येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवत, “हे माझं म्हननं हाय,” म्हणून सांगत, आणि मी खिडकीतून उठून जाई.

वडिलांची बदली झाली तेव्हा सामान बांधायला तात्या स्वतः नवा दोर घेऊन आले. शेवटची गाठ आवळून म्हणाले, “तू लिव्हलंस म्हनून माझं तिकडं ऱ्हायलं, ताई.” तेव्हाही मी सांगितलं नाही. नव्या गावी पोचले की नॉर्वेला खरं पत्र लिहायचं, असं ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा लिहिता लिहिता आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. तिसऱ्यांदा बसायच्या आधी कोपरगावहून तात्या गेल्याचं कार्ड आलं.

आता पत्र पाठवलं तर त्यावर सही माझीच करावी लागेल.