मामांचा हळू आवाज

हळू बोलणं हा प्रकार आमच्या मामांना जन्मात जमला नाही. त्यांच्या कानात सांगितलेलं गुपित पहिल्या एसटीने पडघ्याच्या बाजारात पोहोचायचं. त्यांची हयात भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात गेली. ते जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलणं नाही. पुढे कान अधू झाले आणि तोच आवाज देवळात, बारशात, सांत्वनाला गेल्यावरसुद्धा चालू राहिला. दुसरी खोड म्हणजे कशावरही तळहात ठेवून रोग सांगायचा. रेडिओवर, म्हशीवर, एकदा तर बोहल्यावरच्या नवरदेवाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गरम झालाय, पानी द्या याला!" नवरदेवाला खरोखरच ताप होता.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, मी कॉलेजात असताना, मला एक विचित्र दुखणं जडलं. पेपर हातात आला की छाती धडधडे, पेन घामाने निसटे, आता आपण मरणार असं वाटे. सहामाहीला मी पेपर अर्धवट टाकून उठलो आणि सरळ मामांच्या कारखान्यात गेलो, कारण तिथल्या आवाजात माझी छाती मला ऐकू येत नसे. आई दृष्ट काढून दमली होती. वडिलांनी बजावलं होतं, वार्षिक परीक्षेतून उठून आलास तर कॉलेज बंद. मामांनी माझ्या छातीवर बराच वेळ तळहात ठेवला. "मशीन झ्याक हाय, पट्टा लय तानलाय. पन ह्यो माझ्या हातचा काम न्हाय. ठान्याला जानकार डॉक्टर हाय."

ठाण्याचा डॉक्टर म्हटलं की आमच्याकडे वेड्यांचं इस्पितळच आठवायचं. मी म्हटलं, "मामा, कोणाला कळलं तर मी तोंड दाखवणार नाही."

"कोनाला न्हाय कळनार!" मामा ओरडले. दहा लूमांवरच्या माणसांनी माना वळवल्या.

बसमध्ये ओळखीच्या मास्तरांनी विचारलंच, "मामा-भाचे कुठे निघालात?" मामा गरजले, "डोक्याच्या डॉक्टरकडं! माझा डोका फिरलाय मास्तर, म्हनून भाच्याला संगं घेतलाय!" पुढच्या बाकावरच्या बाईंनी आपलं पोर जवळ ओढलं. मामा खुशाल शेंगदाणे खात बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे, आणि बरा होतो. गोळ्या दिल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, दर पंधरवड्याला बोलावून माझं सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक खेपेला मामा बरोबर, आणि बसमध्ये तीच दवंडी. धडधड काही एकदम गेली नाही, पण वार्षिक परीक्षेत मी शेवटच्या घंटेपर्यंत बसलो. वेडा म्हणून नाव मात्र मामांचं झालं. कारखान्याचा शेठ चेष्टेने विचारायचा, "मामा, पाना हाथ में दूँ ना?" मामांच्या मुलीच्या सोयरिकीतही मुलाच्या वडिलांनी तोच विषय काढला, तेव्हा मी खरं सांगायला उठलो. मामांनी मला मनगट धरून खाली बसवलं. "गेलतो डॉक्टरकडं. बरा झालो. तुमच्यात कोनाला धडधडत असंल तर पत्ता देतो." लग्न ठरलं. जाताना त्या गृहस्थांनी पत्ता हळूच मागून घेतला.

मामा गेले. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा. डोक्याचं तेवढं होतं."

"डोकं माझं होतं!" मी ओरडलो. मी, ज्याला वर्गात हजेरीही मोठ्याने देता यायची नाही. मामांना कानाशी हात न नेता ऐकू गेलं असतं, इतका मोठा आवाज निघाला होता.